फाटकाच्या आतला चातुर्मास

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी भूपालअण्णांचा फोन आला. ते कुंडलजवळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका यात्री निवासाचे व्यवस्थापक आहेत. त्यांचं बोलणं नेहमी मधूनच सुरू होतं.

"महाराज येणार, ठरलं. खोल्या झाडून घेतल्यात. यंदा येताय न्हवं, ताई?"

विचार करून सांगते, असं मी म्हटलं.

"त्यात इचार कसला? चादरी तुमची वाट बघाय लागल्यात."

चादरींचं त्यांनी थट्टेनं म्हटलं, पण ते खरं आहे. चोवीस खोल्या, दर खोलीत दोन गाद्या. पावसाच्या दिवसांत तिथं चादर वाळत नाही. ती दोरीवरून जिन्याच्या कठड्यावर जाते, तिथून पंख्याखाली, आणि शेवटी ओलसरच गादीवर येते. गेल्या वर्षी तीन महिने मी तो वास घेतला. ओल्या सुताचा, फिनेलचा आणि खोबरेल तेलाचा. सांगलीत परत आल्यावरही कपाट उघडलं की तो येई. हळदीच्या पेठेच्या मागं राहणाऱ्या माणसाला दुसरा कुठला वास सहसा टिकून जाणवत नाही, हा टिकला.

दिगंबर जैन मुनी पावसाळ्याचे चार महिने विहार करत नाहीत. ओल्या जमिनीवर जीव फार असतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून ते एका गावी थांबतात. मुनी थांबले की लोक तिकडे चालू लागतात. आष्ट्याहून, सांगलीहून, पार बेळगाव-निपाणीकडून गाड्या येतात. त्यांना खोली दाखवायची, गाळलेलं पाणी कुठं मिळेल ते सांगायचं, सूर्यास्ताआधी जेवून घ्या म्हणून तीनदा बजावायचं, एवढंच माझं काम होतं. सांगलीच्या एका दैनिकाच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं काढल्यावर नोकरी सुटली होती. कुणीतरी सुचवलं आणि सेवा म्हणून मी गेले. मनात पंधरा दिवसांचं होतं. पण दुसऱ्याच आठवड्यात किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला, आणि तो काढून कुणाच्या हाती द्यावा असा माणूस मिळेना.

निवासाला एक फाटक, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे ऊस. भाद्रपदापर्यंत ऊस इतका वाढतो की समोरचं काही दिसत नाही. मागं डोंगर. पाऊस लागून राहिला की डोंगरही जाई. मग आवारातल्या माणसांना एकमेकांशिवाय बघायला काही उरत नसे. बेळगावकडचे एक आजोबा दर पहाटे जिन्याखाली उभे राहून हाक मारत, "अक्का, बिसी नीरु!" गरम पाण्याची वेळ भिंतीवर मराठीत लिहिली होती. मी ती कन्नडमध्येही लिहून घेतली. आजोबा तरीही हाक मारत. त्यांना पाण्यापेक्षा हाकेची सवय असावी.

सुगंधाकाकू तिथं माझ्यानंतर आल्या. आष्ट्याच्या, वय सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या चौक्यात होत्या. चौका म्हणजे मुनींचा आहार जिथं शिजतो ते स्वयंपाकघर. तिथं धुतलेल्या ओल्या लुगड्यानं वावरायचं, विहिरीचं पाणी कापडातून गाळायचं, पीठ त्याच दिवशी दळायचं. मुनी ओंजळीत जेवतात; अन्नात केस निघाला तर त्या क्षणी ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीही घेत नाहीत. काकू डोक्याला इतकं घट्ट फडकं बांधत की कपाळावर वळ उठे. बाकीच्या बायका दर सकाळी धास्तावलेल्या असत. काकू नसत.

चातुर्मासाची स्थापना झाली त्या दिवशी मंडपात लोक एकेक नियम घेत होते. कुणी पालेभाजी सोडली, कुणी दूध. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी देशव्रत मागितलं. दिवाळीच्या पहाटेपर्यंत या फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही, असा नियम. गृहस्थ माणूस असा नियम क्वचित घेतो. मंडपात जयजयकार झाला.

मी त्याची बातमी केली. सवयच ती. जुन्या दैनिकात पाठवली, आतल्या पानावर चार ओळी आल्या. भूपालअण्णांना त्या इतक्या आवडल्या की त्यांनी मला फलक लिहायला सांगितला. मी ठळक अक्षरांत लिहिला आणि तो फाटकाला लागला. नाव, गाव, नियम, मुदत, सगळं अचूक होतं. बातमीत कोण, काय, कुठे, कधी हे यावं लागतं, आणि का हेही. भक्तीच्या बातमीत मात्र का हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

श्रावणात त्याचा परिणाम दिसू लागला. यात्रेकरू महाराजांचं दर्शन घेत, आणि मग विचारत, "त्या फाटकाबाहेर न जाणाऱ्या मावशी कुठं आहेत?" बायका काकूंच्या पाया पडत. लेकरांना त्यांच्या पायावर घालत. काकू आधी पाय मागं घेत. पुढं पुढं त्या नुसत्या उभ्या राहू लागल्या.

नियम का घेतला ते त्यांनी मला तांदूळ निवडताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"सन्मती न्यायला आलता. माझा लेक, पुण्याला असतोय. परसात एकदा घसरून पडले तवापासनं त्येनं धरलंय, आई, घर बंद कर, आमच्याकडं चल. सून कामाला, ल्हान नातू घरात. मी तीनदा न्हाई म्हणलं. चौथ्यांदा गाडी घिऊनच आला. माझी पिशवी डिकीत ठेवली बी. मी म्हणलं, जाता जाता दर्शन घेऊ. हितं आलो. मंडपात बसलो. आन मी उभी ऱ्हायले."

"सन्मती काय म्हणाले?"

"काय म्हणतोय? डिकीतनं पिशवी काढून आणून दिली. हात जोडलं." त्यांनी एक खडा सुपाच्या कडेला लावला. "मी न्हाई म्हणलं की ते त्येच्या कानात शिरत न्हाई, ताई. महाराजांच्या म्होरं म्हणलं, तवा शिरलं."

"आणि दिवाळीनंतर?"

"दिवाळी लांब हाय."

सन्मती वाईट मुलगा नाही, हे इथं नोंदवायला हवं. मी त्याला नंतर दोनदा भेटले. तो आईशी हळू बोलतो, तिच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ आहेत. घसरलेल्या आईला रिकाम्या घरात ठेवू नये असं त्याला वाटतं, आणि ते चूक आहे असं कुणी म्हणणार नाही. काकूंना तिथं जायचं नव्हतं, इतकंच. आष्ट्याच्या घरात त्या एकट्या होत्या, पण सकाळी दार उघडलं की गल्ली त्यांची होती. आणि सांगलीत थोरली बहीण होती, चंपाक्का. बसनं जायचं, दुपार तिच्याजवळ काढायची, दिवस मावळायच्या आत परतायचं. महिन्यातून दोनदा हे ठरलेलं.

भाद्रपद लागला आणि चंपाक्कांना अर्धांगवायूचा झटका आला.

त्यांचा मुलगा जिनेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून आला. रेनकोट न काढताच चौक्याच्या पायरीपाशी उभा राहिला. आत यायला तो सोवळ्यात नव्हता, काकूंना बाहेर यायला स्वयंपाक सोडता येत नव्हता. दोघं दाराच्या दोन बाजूंनी बोलत होते.

"मावशी, उजवी बाजू गेलीया. बोलताना कळत न्हाई, पण तुझं नाव घेती. डॉक्टर म्हणत्यात, चार-आठ दिवस काय सांगता येत न्हाई. चल."

"माझा नियम हाय रं."

"ठावं हाय. फाटकावर वाचून आलो."

त्यानं ते चिडून म्हटलं नव्हतं. तो दमला होता. त्यानं फोन लावला, पलीकडे फोन चंपाक्कांच्या कानाशी धरला गेला, आणि काकू पदरानं हात पुसून फोनपाशी वाकल्या. पलीकडून नुसता श्वास येत होता. मधेच एक आवाज, नाव असेल किंवा नसेल. काकू "अक्का, जेवलीस का?" असं तीनदा म्हणाल्या. मग जिनेंद्र गेला.

आता काकूंपुढं काय होतं, हे तिथं फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. नियमातून सोडवून घेता येतं. महाराजांपुढं उभं राहायचं, कारण सांगायचं, ते देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. पण ते मंडपातच मागावं लागतं, शंभर माणसांपुढं, आणि महाराज नियमामागचा भाव विचारतात. खोटं बोलायची सोय नव्हती. आणि खरं सांगून फाटकाबाहेर पडलं की पुण्याची वाट मोकळी. नियम मोडला तर बहीण भेटेल आणि घर जाईल. पाळला तर घर दिवाळीपर्यंत राहील, आणि बहीण राहील की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी फलक काढला. दोन सुतळ्या कापल्या आणि तो कार्यालयात कपाटामागं ठेवला. वाटलं, एवढं तरी करता येईल. अर्ध्या तासात काकू आल्या. मी त्यांना चौक्याबाहेर रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कुनी सांगितलं काढाय?"

"मला वाटलं, तुम्हाला मोकळं वाटेल."

"मोकळं? फलक गेला म्हंजे लोकं म्हनणार, म्हातारीनं नियम मोडला. अजून मोडलेला न्हाई मी. लावा तिथं परत."

मी लावला. सुतळी कापलेली, म्हणून वायर वापरली. काकू पावसात उभं राहून बघत होत्या. वायर पिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, महाराज सकाळी आहाराला निघत्यात, तवा मनात एक इधी धरत्यात. ठावं हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. मुनी मनात काहीतरी ठरवून निघतात. दाराशी उभ्या माणसाच्या हातात अमुक फळ असेल, किंवा दोन बायका जोडीनं उभ्या असतील, तरच तिथं आहार घ्यायचा. ठरवलेलं कुणाला सांगत नाहीत. जुळलं नाही तर उपाशी परत येतात.

"ते परत आलं तर कुनी म्हनतं का, महाराज चुकलं म्हणून? कुनाला कळतच न्हाई काय धरलंतं. मनातला नियम मनात ऱ्हातोय. माझा तुमी वायरनं बांधलाय."

मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातली एकही चुकीची नव्हती, हे उत्तर होत नाही.

पुढचे दोन दिवस पाऊस हलला नाही. सकाळी आवारात आठ-दहा दारांपुढं लोक ओळीनं उभे राहत, हातात नारळ ठेवलेले कलश. महाराज उजवा हात खांद्याशी दुमडून हळूहळू चालत येत आणि दारादारातून आवाज उठे, "हे स्वामी, नमोस्तु! अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ!" दोन्ही दिवस ते सगळ्या दारांवरून गेले आणि परत फिरले. विधी जुळला नाही. शिजवलेलं सगळं तसंच राहिलं. बायका रडवेल्या झाल्या. कुणी म्हणालं उद्या डाळिंब धरा, कुणी म्हणालं पिवळं लुगडं. काकू दोन्ही दिवस तांब्याचा कलश घेऊन आपल्या दारात उभ्या होत्या. त्या 'तिष्ठ' म्हणत तेव्हा त्यांचा आवाज इतरांच्या मागं राही. जिनेंद्रचा फोन रोज माझ्या फोनवर येई. "तसंच हाय," तो म्हणे. मी ते काकूंना सांगे. त्या मान हलवत आणि पीठ चाळत.

तिसऱ्या दिवशी महाराज तिसऱ्याच दारात थांबले. तिथल्या जोडप्याच्या हातात काय वेगळं होतं, ते कुणालाही सांगता आलं नाही. आहार निर्विघ्न झाला. आवारात सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले.

दुपारी मंडपात प्रश्नोत्तरं होती. कुणीतरी कर्मबंधावर लांबलचक प्रश्न विचारत होतं. तो संपायच्या आत काकू उभ्या राहिल्या.

"महाराज, माझी बहीण आजारी हाय सांगलीत. मला नियमातनं सोडा."

मंडपातली कुजबुज थांबली. महाराजांनी विचारलं,

"नियम घेताना मनात भाव काय होता?"

"राग," काकू म्हणाल्या. "लेकाबरोबर जायचं न्हवतं. तुमच्या आड लपले."

माझ्या शेजारची बाई खाली बघू लागली. भूपालअण्णा खांबाशी उभे होते. ज्यांच्यासाठी समारोपाला शाल सांगून ठेवली होती त्या या बाई. महाराजांचा चेहरा बदलला नाही.

"हे सांगितलं, ते चांगलं झालं. एक उपवास करा. णमोकार मंत्राच्या नऊ माळा जपा. जाऊन या."

एवढंच. दोन-अडीच मिनिटं लागली असतील. पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी इतकंच झालं असतं, आणि हे मंडपातल्या प्रत्येकाला त्याच वेळी कळलं. काकूंनाही.

बाहेर चपला शोधताना कोल्हापूरकडची एक बाई म्हणाली, "झेपत नव्हता तर घेतला कशाला मग?"

"तुमाला बहीण हाय का?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग तुमाला झेपंल."

फाटकातून त्या न थांबता गेल्या. मी बरोबर होते. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना गाड्यांचा अंदाज येईना. दीड महिन्यात त्या आवाराच्या लांबीपलीकडे चालल्या नव्हत्या. मी कोपर धरलं. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि पलूस येईपर्यंत माळ मोजत होत्या. पलूसला शेजारच्या सीटवर एक ओळखीची निघाली. ती म्हणाली, "आवं काकू, तुमी भायेर कशा?" काकू म्हणाल्या, "सोडलं मला." आणि पुन्हा माळ.

दवाखान्यात चंपाक्का भिंतीकडं तोंड करून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. काकूंना बघून त्यांनी डावा हात उचलला आणि काकूंच्या मनगटावर मारला. परत मारला. जिनेंद्र पुढं झाला तसं काकूंनी त्याला मागं सारलं.

"मार," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं बी लागतंय की गं तुझं."

चंपाक्कांच्या घशातून जो आवाज आला तो हसण्याचा होता, असं जिनेंद्र म्हणतो. मला खात्री नाही. काकू मात्र पलंगाच्या कडेला बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. त्यांचा उपवास होता. चंपाक्कांना त्यांनी चमच्यानं पेज भरवली, मधे मधे थांबून, गळ्याकडं बघत.

सन्मतीचा फोन त्याच संध्याकाळी आला. बातमी कुणी दिली ते कळलं नाही. अशा बातमीला माझी गरज नव्हती. आवाज काकूंच्या फोनमधून बाहेर ऐकू येत होता, हळू, समजुतीचा.

"बरं केलंस आई. मावशीला बघितलंस. आता नियम नाहीच, तर मी रविवारी येतो. चार दिवस आहेत, तोवर राहा तिच्याजवळ."

"व्हय," काकू म्हणाल्या.

त्या चार दिवसांत मी एकदा गेले होते. काकू चंपाक्कांची वेणी घालत होत्या. दोघींचं काहीतरी चाललं होतं, अर्धं शब्दांत, अर्धं हुंकारात. मला त्यात जागा नव्हती. रविवारी सन्मती आला, मावशीच्या पाया पडला, पिशवी डिकीत ठेवली. दोनशे किलोमीटरच्या रस्त्यात काकू फारसं बोलल्या नाहीत, असं त्यानं मला कळवलं. काळजीनं विचारलंही होतं, "तिला तिकडं काही त्रास होता का?"

मी यात्री निवासात परतले आणि समारोपापर्यंत राहिले. नवी माणसं येत, फाटकाशी घुटमळत आणि विचारत, त्या मावशी कुठं आहेत. मी सांगे, गेल्या. काही जण हात जोडत. त्यांना वाटे, वारल्या. मी दुरुस्ती करी.

चंपाक्का वाचल्या. आता धरून बसतात, डाव्या हातानं जेवतात. डॉक्टरांचे चार-आठ दिवस खोटे ठरले. काकूंनी कळ काढली असती तर दोन्ही मिळालं असतं, हा हिशेब आष्ट्यात पुष्कळांनी करून झाला आहे. तो नंतर कुणालाही जमतो.

भूपालअण्णांचा फोन ठेवल्यावर मी पुण्याला फोन लावला. काकूंनी तो पहिल्या घंटीला उचलला आणि कुजबुजत म्हणाल्या, "हळू बोला. सूनबाईची मीटिंग चालू हाय आतल्या खोलीत."

त्या अकराव्या मजल्यावर असतात. नातू शाळेतून येईपर्यंत घरात त्या आणि मीटिंग. दुपारी चंपाक्काला फोनवर बघतात. लिफ्ट कळते, पण खाली जाऊन काय करायचं ते कळत नाही, म्हणाल्या. गुडघे बरे आहेत. सन्मती गोळ्या वेळेवर देतो.

महाराज यंदाही कुंडललाच येणार आहेत, हे मी सांगितलं. चौक्याला माणसं कमी आहेत, हेही. पलीकडून बंद दारामागचं इंग्रजी ऐकू येत होतं.

"इचारलं मी सन्मतीला," त्या म्हणाल्या. "चातुर्मासाला चौक्यात जाऊन ऱ्हाऊ का म्हणून. न्हाई म्हणला न्हाई तो. म्हणला, दिवाळीला बघू आई."

दिवाळीच्या पहाटे चातुर्मास संपतो. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"बघू म्हणलाय," काकू परत म्हणाल्या, आणि मीटिंग संपल्याचा आवाज आला तसा त्यांनी फोन ठेवला.